छत्तीस जिल्हे, अठरा पूर्ण

लोकशाहीत प्रत्येक माणूस सारखाच मोलाचा असतो, यावर आमच्या टिपणीस सरांची नितांत श्रद्धा होती. अपवाद दोनच: अठरा वर्षांखालची मुलं आणि ठाण्याला राहणारी माणसं.

पहिला अपवाद राज्यघटनेला मान्य आहे. दुसरा सरांनी स्वतःच्या जबाबदारीवर घातला होता.

टिपणीस सर म्हणजे नंदकिशोर टिपणीस. घाटकोपरच्या एका कॉलेजात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि मुलुंडला आमच्याच बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे. आमची बिल्डिंग चेकनाक्याच्या अलीकडे. अलीकडे म्हणजे इतकी अलीकडे, की गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल जोराच्या वाऱ्यात जिल्हा बदलू शकतो. नाक्याच्या या बाजूला मुंबई उपनगर जिल्हा, त्या बाजूला ठाणे जिल्हा. आम्हा बाकीच्यांना हा फरक फक्त रिक्षावाला मान हलवायचा तेव्हा कळायचा. सरांना तो दिवसभर जाणवत असे.

निवृत्तीनंतर कोणी बोन्साय करतं, कोणी बासरी शिकतं आणि शेजाऱ्यांनाही शिकायला लावतं. सरांनी राज्यातल्या जिल्ह्यांची मतदानाच्या वयाची लोकसंख्या ताडून पाहायला घेतली. छत्तीस जिल्हे, अठरा वर्षं पूर्ण झालेली माणसं, कोण पुढे, कोण मागे. मतदारयादी त्यांना चालत नसे. "यादीत नाव घालायचं तर माणसाला हलावं लागतं," ते म्हणत. "नोंदणी हा आळसाचा प्रश्न आहे. वय आपोआप होतं. मी आपोआप होणाऱ्या गोष्टी मोजतो." म्हणून जनगणना घ्यायची, वयोगटांचे तक्ते घ्यायचे, मुलं वजा करायची, आणि जी मोठी माणसं उरतील ती जिल्ह्याची खरी ताकद. दुपारी चहाच्या वेळी त्यांच्याकडे गेलं की हे ऐकावं लागे. चहा चांगला असे, म्हणून लोक जात.

या हिशेबात सरांनी पुष्कळ सोसलं होतं. जुना ठाणे जिल्हा अवाढव्य. कशाही पद्धतीने मोजा, ठाणे पहिलं. मग पालघर वेगळा जिल्हा झाला, ठाणे अर्ध्यावर नाही तरी बरंच खाली आलं, आणि त्या दिवशी सरांनी बिल्डिंगीत जिलेबी वाटली. पालघरच्या लोकांनीसुद्धा इतक्या मनापासून वाटली नसेल. आता पुणे तेवढं उरलं होतं. सगळी डोकी मोजली तर पुणे केसभर पुढे जातं. पण मुलं वगळली की उपनगर पुढे! कारण अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत लोकांना एवढ्याशा जागेत मुलं परवडत नाहीत. जागेच्या भावाने जिल्ह्याची लाज राखली, हे सर असं सांगत, जणू ते भाव त्यांनीच ठरवले होते.

त्यांचा मुलगा केयूर आणि सून गार्गी यांनी गोड बातमी दिली तेव्हा सरांच्या पत्नी वसुधाकाकू रडल्या. सर म्हणाले, "गुणोत्तर थोडं बिघडेल. पण हरकत नाही, अठरा वर्षांनी भरून निघेल." त्यांच्या परीने तो आशीर्वाद होता.

इथपर्यंत सगळं निरुपद्रवी. घोटाळा झाला होता तो त्याच्या बराच आधी, दोन-अडीच वर्षांपूर्वी, बिल्डिंगच्या पुनर्विकासाच्या वेळी.

आमची बिल्डिंग जुनी. लिफ्ट नाही. बिल्डर आला, त्याने नकाशे दाखवले, दोन लिफ्ट, खाली गाड्या, वर बाग. तीन वर्षं भाड्याने बाहेर राहायचं आणि परत यायचं. सगळ्यांनी होकार दिला. सरांनी एकच प्रश्न विचारला: "ही तीन वर्षं तुम्ही राहणार कुठे?"

सगळे म्हणाले, ठाण्याला. अजून कुठे? एवढ्या भाड्यात मुलुंडला काय मिळणार?

सर उभे राहिले. "म्हणजे या बिल्डिंगीतली साठएक प्रौढ माणसं इथून वजा होऊन तिथे जमा होणार. फरक साठाचा नाही. एकशेवीसचा." आणि त्यांनी विरोध केला. एकट्याने. पण सरांच्या एकट्याची जात अशी, की त्यांच्या पत्रांना उत्तर देता देता बिल्डरचं मन विटलं आणि तो भांडुपची एक सोसायटी पकडून निघून गेला. भांडुपच्या लोकांचं भाग्य.

तेव्हापासून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली आहे. ती वसुधाकाकूंची. भाजी घेऊन आल्या की त्या तिच्यावर बसतात, गुडघे चोळतात, दम खातात आणि मग उरलेला मजला चढतात. सर त्यांच्या हातची पिशवी घेऊन पुढे जात. माणूस वाईट नव्हता.

यंदा पंचवीस जानेवारीला, म्हणजे राष्ट्रीय मतदार दिनी, आमच्या इथल्या वाचनालयाने सरांचं व्याख्यान ठेवलं. विषय सरांनीच दिला: छत्तीस जिल्हे, अठरा पूर्ण. सर दोन महिने हवेत होते. तक्ते आणि रंगीत नकाशे केयूरने करून दिले. तो अंधेरीला एका कंपनीत तेच करतो. तिथे साबणाच्या खपाचे करतो, इथे वडिलांसाठी माणसांचे केले. रोज ऑफिसातून आल्यावर दोघं टेबलाशी बसत. आमच्या बिल्डिंगीत बाप-लेक असे शेजारी शेजारी बसलेले सहसा दिसत नाहीत, म्हणून येणारेजाणारे दारातून बघून जात.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, सर इस्त्रीचा सदरा हातात घेऊन जिना चढायला लागले आणि तळमजल्याच्या विमलावहिनींनी त्यांना अडवलं. वहिनी घरून पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतात.

"भावोजी, बरे भेटलात. उद्याच्या पोळ्या मी दहालाच टेम्पोत घालते. रविवार असला तरी नाक्यावर खोळंबा असतोच ना."

"हॉल इथेच आहे, वहिनी. आणि तिथे फक्त चहा-बिस्किटं आहेत. पोळ्या कोणी सांगितल्या?"

"हॉलवर कशाला? वास्तुशांतीला. वसुधानेच सांगितल्यात. कटाची आमटी वेगळ्या डब्यात."

"कोणाची वास्तुशांत?"

वहिनींनी मागे वळून आपल्या घरात पाहिलं, उत्तर कुकरमध्ये शिजत असल्यासारखं. मग म्हणाल्या, "तुमच्याच केयूरची. ठाण्याच्या घराची." आणि सरांचा चेहरा बघून, "अगं बाई. सरप्राइज होतं की काय?"

सर वर चढले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वसुधाकाकू खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर नारळांची पिशवी. पुढचं सगळं जिन्यातच झालं, म्हणून ते आम्हाला माहीत आहे. दारं कोणी मुद्दाम उघडी ठेवली नव्हती. फक्त ती कोणी लावून घेतली नाहीत.

"ठाण्याला घर घेतलं?"

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "विमला बोलली?"

"ठाण्याला?"

"अहो, हळू. घेतलं केयूरने. बुक करून दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं."

"बांधून व्हायला वेळ लागतो हो."

"आणि वास्तुशांत उद्या. मी हॉलवर असताना."

"गुरुजींनी दोनच तारखा दिल्या. दुसरी मार्चातली. तेव्हा गार्गीला आठवा असेल. आठव्या महिन्यात तिने हे जिने चढायचे?"

"मला कधी सांगणार होतात?"

"उद्याच. व्याख्यान झाल्यावर केयूर गाडी घेऊन येणार होता. टाळ्याबिळ्या मिळालेल्या असतील, तुम्ही खुशीत असाल, तर थेट नेऊन पानावर बसवणार होतो."

"म्हणजे फसवून नाका ओलांडायला लावणार."

"जेवायला घालणार होतो. विहिरीत ढकलणार नव्हतो."

वरून केयूर आणि गार्गी धावत उतरले. केयूर म्हणाला, "बाबा, घरात चला ना. इथे जिन्यात कशाला तमाशा?"

"जिन्यातच बरं आहे. इथे कोणापासून लपवायचंय? विमलाला माहीत, इस्त्रीवाल्यालाही माहीत असेल."

"त्याला नाही सांगितलं. तो सगळ्यांना सांगत सुटतो."

"बिल्डिंगीत किती जणांना माहीत होतं?"

केयूर छताकडे बघू लागला. गार्गी सरळ मुलगी आहे, तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची सवय आहे. ती म्हणाली, "सगळ्यांनाच, बाबा. म्हणजे, अठरा पूर्ण धरले तर."

एका दारामागे कोणी तरी हसलं आणि लगेच खोकलं. सरांनी त्या दाराकडे पाहिलं. मग दुसऱ्या दाराकडे. मग जिन्याच्या कठड्यावरून खाली, जिथे विमलावहिनी हातात पुरणाची वाटी घेऊन उभ्या होत्या. गेली दोन वर्षं ही सगळी माणसं त्यांचा चहा पीत होती आणि पालघरची गोष्ट ऐकून माना डोलावत होती. सरांना ते त्या क्षणी लागोपाठ आठवत असावं, कारण त्यांचे ओठ मोजताना हलतात तसे हलत होते.

"तुम्हाला सांगायचं कसं ते सांगा," वसुधाकाकू म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज चढला. "मी दोनदा विषय काढला. एकदा तुम्ही टक्केवारी सांगितलीत, एकदा आलेख काढून दाखवलात. लिफ्ट येत होती ती घालवलीत. का, तर आम्ही तीन वर्षं तिकडे वजा होऊ. या खुर्चीत बसून मी रोज कोणाचे गुडघे चोळते? जिल्ह्याचे?"

सरांनी सदरा या हातातून त्या हातात घेतला. "तूही जाणार?"

"तिकडे तीन लिफ्ट आहेत."

"मी ते विचारलं नाही."

"बाळ झाल्यावर गार्गीला कोण बघणार? शनिवार-रविवार येत जाईन की मी इकडे."

"म्हणजे तीन," सर म्हणाले.

"बाबा, तुमच्यासाठी वेगळी खोली ठेवलीय," केयूर म्हणाला. त्याने खरंच मनापासून सांगितलं. "मोठी आहे. तिच्या खिडकीतून मुलुंड दिसतं."

याहून वाईट काही बोलता आलं असतं असं आम्हाला वाटत नाही. सर सदरा सांभाळत वर गेले. इस्त्री मोडली नाही. रात्री त्यांच्याकडून भांडणाचा आवाज येईल म्हणून आम्ही टीव्ही बारीक ठेवले होते. काही आला नाही.

सकाळी आठला वसुधाकाकू, केयूर आणि गार्गी नारळ, कलश, समया घेऊन गाडीत बसले. काकूंनी खालून वर पाहिलं. गॅलरीत कोणी नव्हतं. दहाला टेम्पो गेला.

त्यानंतर बिल्डिंगीतल्या लोकांपुढे पेच पडला. निमंत्रण दोन्हीकडचं होतं. वास्तुशांतीला जेवण होतं, व्याख्यानाला बिस्किटं. तरीही आम्ही काही जण हॉलवर गेलो. आदल्या संध्याकाळी दारं लावून न घेतल्याचं थोडं लागलं होतं, आणि जेवायला एकपर्यंत पोचता येत होतं.

हॉल अर्धा भरला होता. वाचनालयाच्या अध्यक्षा मधुवंतीताईंनी ओळख करून दिली: "सर म्हणजे आपल्या जिल्ह्याचा चालता-बोलता अभिमान." सर उठले. नकाशे पडद्यावर आले. केयूरने केलेले नकाशे खरोखर झकास होते. प्रत्येक जिल्हा वेगळ्या छटेत, उपनगर गडद निळं, ठाणे पुसट पिवळं. सर बोलले उत्तम. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोठी माणसं टक्क्यांनी जास्त का, तर तरुण इकडे आले आणि म्हातारे तिकडे राहिले. नंदुरबारला कमी का, तर तिथे घरात मुलं जास्त. पुणं एकूण माणसांत पुढे, अठरा पूर्ण झालेल्यांत मागे. इथे टाळ्या पडल्या. मुलुंडमध्ये पुणं मागे पडलं की टाळ्या पडतातच, कारण विचारायची गरज नसते.

प्रश्नोत्तरांत मधुवंतीताईंनीच विचारलं. त्यांना काही माहीत नव्हतं, त्या वेगळ्या सोसायटीत राहतात. "सर, आपल्या लोकांनी ठाण्याला जाणं थांबवायला काय करता येईल? हल्ली जो उठतो तो तिकडे घर घेतो."

आम्ही सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं.

सर पाणी प्यायले. "माणूस गेला की इथला एक कमी होतो आणि तिथला एक वाढतो," ते म्हणाले. "फरक दोनचा पडतो. उदाहरणार्थ, एका घरातली तीन माणसं गेली, तर सहाचा." मग त्यांनी पेला खाली ठेवला. "पण मोजणाऱ्याला हे ती गेल्यावरच कळतं. जनगणनेत आज कोण कुठे आहे तेवढंच विचारतात. कोण कधीपासून निघायच्या तयारीत आहे, हा रकाना नसतो. आणि आसपासच्या लोकांना विचारावं, तर आसपासचे लोक सांगत नाहीत."

मधुवंतीताईंना तो विनोद वाटला, त्या हसल्या. बाकी कोणी हसलं नाही. श्रीफळ झालं, शाल झाली, चहा झाला. आम्हीही थोडं थोडं करून दाराकडे सरकायला लागलो, तेवढ्यात केयूर आला. रेशमी कुर्ता, कपाळावर कुंकू, मनगटाला लाल दोरा. आम्ही तिथेच खोळंबलो.

"बाबा, चला. आई जेवायची थांबलीय."

सर लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. "तुम्हा तिघांना वजा केलं मी," ते म्हणाले. "ठाण्यात तीन वाढवले. तरी आपण पुढे आहोत."

"मग झालं तर."

"तो प्रश्नच नाहीये."

"मग कुठला प्रश्न आहे, बाबा?"

सरांनी पडद्याकडे बोट केलं. नकाशा अजून तसाच होता. "हा आपण दिवाळीनंतर केला. तू मला विचारलंस, बाबा, ठाण्याला कुठला रंग देऊ? मी म्हटलं, दे कुठलाही पुसटसा. आपण दोघं हसलो. तेव्हा त्या घराची किल्ली मिळालेली होती?"

केयूरला खोटं बोलता आलं असतं. दोन वर्षं त्याने ते सफाईने निभावलं होतं. पण तो म्हणाला, "हो. खिशातच होती."

"बरोबर," सर म्हणाले, उत्तरपत्रिका तपासल्यासारखं. "मला वाटत होतं, तू माझ्याबरोबर हसतोयस."

"बाबा, तसं नव्हतं."

"जा. पोळ्या गार होतील. आईला म्हणावं, औषध जेवणानंतरचं आहे, विसरू नको."

केयूर थोडा वेळ तिथेच उभा राहिला. त्याने नकाशाचा लॅपटॉप उचलायला हात पुढे केला, सरांनी तो स्वतःकडे ओढून घेतला. मग केयूर गेला. त्याच्या गाडीत जागा होती, म्हणून आमच्यातले चौघे त्याच्याबरोबर बसले. त्यात काही गैर आहे असं वाटायला वेळ मिळाला नाही. दीड वाजत आला होता.

सर त्या दिवशी ठाण्याला गेले नाहीत आणि नंतरही गेलेले नाहीत. वसुधाकाकू शुक्रवारी रात्री येतात, दुसऱ्या मजल्यावर बसतात, वर जाऊन त्यांच्यासाठी आठवड्याच्या भाज्या करून ठेवतात आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. पिशवी सर नेतात. बोलणं होतं, पण फोडणी, गॅस आणि दूधवाल्याबद्दल. दुपारच्या चहाला आता कोणी जात नाही. बोलावणं येत नाही. गच्चीवर कधी भेटले तर सर एवढंच म्हणतात, की घरच्याच तीन माणसांनी जिल्ह्याचा आकडा सहाने खाली आणला.

सरांचे सगळे आकडे २०११ च्या जनगणनेतले आहेत. त्यानंतरची जनगणना अजून पुरी झालेली नाही. २०११ साली केयूर आणि गार्गी दोघंही चौदा वर्षांचे होते, आणि त्यातली गार्गी जळगावला राहत होती.